मालसूचीचे स्थलांतर



एखाद्या दुकानदाराला 'दुकानात काय काय आहे?' असे विचारले, तर तो मान वर करून फडताळांकडे पाहतो. माल त्याच्या डोळ्यांसमोर असतो आणि मालाची नोंद गल्ल्याशेजारच्या वहीत असते. इंटरनेटवरील बाजारपेठेत विक्री करणाऱ्याची स्थिती याहून वेगळी आहे. त्याचा माल त्याच्याच खोलीत असतो. पण त्या मालाची नावे, किमती, नगांची संख्या, वर्णने आणि छायाचित्रे, म्हणजेच गिऱ्हाइकाला जे 'दुकान' म्हणून दिसते ते सारे, दुसऱ्या कोणाच्या तरी संगणकात साठवलेले असते. दिल्लीच्या दर्यागंजातील, कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवरील किंवा पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातील एखाद्या पुस्तकविक्रेत्याने आपली तीन हजार पुस्तके अशा बाजारपेठेत मांडली, तर ती तीन हजार वर्णने त्याने स्वतः लिहिलेली असतात. परंतु ती एकत्रितपणे पाहण्यासाठी मात्र त्याला बाजारपेठेच्या चालकाकडे मागणी करावी लागते.

प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे ही मागणी पुरी करणारी एक छोटी आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर. विक्रेत्याची संपूर्ण मालसूची बाजारपेठेच्या संगणकातून बाहेर काढावी आणि ओळी व रकाने असलेल्या तक्त्याच्या फाईलमध्ये त्याच्या हाती द्यावी, एवढेच तिचे काम. वरवर पाहता हे काम क्षुल्लक वाटते. एक कळ दाबली, फाईल उतरली, काम झाले, असाच सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात या वाटेवर मालसूचीचे रूप अनेक ठिकाणी बिघडू शकते आणि बहुतेक वेळा तो बिघाड कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून सूची बाहेर काढता येणे पुरेसे नाही. ती जशी होती तशी बाहेर आली पाहिजे. तेव्हाच ती खऱ्या अर्थाने विक्रेत्याची झाली असे म्हणता येईल.

मालाची यादी करणे हे व्यापारातील फार जुने कर्तव्य आहे. लुका पाचोली या फ्रान्सिस्कन पंथाच्या संन्याशाने १४९४ मध्ये व्हेनिस येथे गणितावरील एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. द्विनोंदी जमाखर्चाचे छापील स्वरूपातील पहिले सविस्तर विवेचन त्यात आढळते. त्या विवेचनाचा आरंभ खतावणीपासून होत नाही, तर यादीपासून होतो. व्यापाऱ्याने प्रथम आपल्या सर्व चीजवस्तूंची नोंद करावी आणि ती एकाच दिवशी पुरी करावी, असे पाचोली सांगतो. भारतातही रोजकीर्द, खतावणी आणि मालाची वही यांची परंपरा प्रदीर्घ आहे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी व्यापारी वहीची पूजा करतो, ती केवळ धार्मिक भावनेने नव्हे. वही म्हणजे व्यवहाराची स्मृती, आणि ती आपल्या घरात आहे याची ग्वाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीस या वहीने घर बदलले. अमेरिकेत १९९५ मध्ये पुढे 'ईबे' या नावाने प्रसिद्ध झालेली लिलावाची बाजारपेठ सुरू झाली. २००४ मध्ये या कंपनीने 'बाझी' ही भारतीय बाजारपेठ विकत घेऊन भारतात पाऊल टाकले. २०१७ मध्ये तिचा भारतातील व्यवसाय फ्लिपकार्टकडे गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ती भारतीय बाजारपेठ बंद करण्यात आली. व्यापारात दुकाने उघडतात आणि मिटतात. त्यात नवल नाही. परंतु येथे मिटणारी गोष्ट एक दुकान नसते, तर हजारो विक्रेत्यांच्या वह्या जेथे ठेवल्या आहेत ते कपाट असते. कपाट बंद होण्यापूर्वी ज्याने आपल्या वहीची नक्कल काढून ठेवली, त्याला दुसऱ्या बाजारपेठेत मांडणी करणे सोपे जाते. ज्याच्यापाशी ती नाही, त्याला प्रत्येक पुस्तक पुन्हा हातात घेऊन, पुन्हा त्याचे वर्णन लिहावे लागते.

बाजारपेठ चालू असतानाही अशा नकलेची गरज पडते. वर्षअखेरीस शिल्लक मालाचे मूल्य काढावयाचे असते, हिशेबतपासनिसाला यादी द्यावयाची असते, कागदावरील संख्या आणि फडताळावरील नग जुळतात किंवा नाही हे पाहावयाचे असते. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर अनेक विक्रेत्यांना वस्तूंचे वर्गीकरण क्रमांकही नोंदीत ठेवावे लागू लागले. ही सर्व कामे विक्रेते आणि त्यांचे कारकून ज्या साधनाने करतात, ते साधन म्हणजे संगणकावरील तक्ता, अर्थात स्प्रेडशीट.

या साधनाचा इतिहास पाहिल्यास पुढील अडचणींचे मूळ ध्यानात येते. स्प्रेडशीट हा शब्द मुळात हिशेबनिसांच्या रुंद, आखीव कागदाचा. हार्वर्ड येथे व्यवसाय-व्यवस्थापनाचे शिक्षण घेत असलेल्या डॅन ब्रिक्लिन यांना हा कागद संगणकाच्या पडद्यावर आणण्याची कल्पना सुचली आणि बॉब फ्रँकस्टन यांच्या साहाय्याने त्यांनी ती सिद्ध केली. 'व्हिसिकॅल्क' नावाची ही आज्ञावली १९७९ मध्ये विक्रीस आली. तिच्यामागून १९८३ मध्ये 'लोटस १-२-३' आणि १९८५ मध्ये 'एक्सेल' यांचे आगमन झाले. एका चौकटीतील आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेली प्रत्येक बेरीज आपोआप बदलते, हे या साधनाचे खरे सामर्थ्य. म्हणजे स्प्रेडशीटचा जन्म गणनेसाठी झाला. नावे जपण्यासाठी तो झालेला नव्हता. पुढे जगाने तिचा उपयोग याद्या ठेवण्यासाठी केला. मात्र तिची मूळ प्रकृती कायम राहिली. जे जे आकड्यासारखे दिसेल, ते ते आकडाच आहे असे ती मानते.

आता मालसूची बाहेर काढणाऱ्या आज्ञावलीचे काम क्रमाने पाहू. पहिली पायरी मागणीची. बाजारपेठेचा संगणक संपूर्ण यादी एका दमात देत नाही. आपल्यावर भार येऊ नये म्हणून ती हप्त्याहप्त्याने देतो. समजा, विक्रेत्यापाशी २५० पुस्तके आहेत आणि एका वेळी १०० नोंदी मिळतात. पहिल्या १०० नोंदी आल्या. तेवढ्यात त्यांतील एक पुस्तक विकले गेले आणि यादीतून वगळले गेले. त्याच्या मागील सर्व पुस्तके एकेक जागा पुढे सरकली. जे १०१ वे होते ते १०० वे झाले. आज्ञावलीने आता '१०१ पासून पुढे द्या' अशी मागणी केली, तर ते पुस्तक पहिल्या हप्त्यातही नसेल आणि दुसऱ्यातही नसेल. फडताळावर ते जागच्या जागी आहे, पण यादीतून ते नाहीसे झाले. यादी एकाच दिवशी पुरी करावी, हा पाचोलीचा उपदेश पाचशे वर्षांनंतर असा पुन्हा प्रत्ययास येतो. काळजीपूर्वक लिहिलेली आज्ञावली जागेचा क्रमांक सांगून मागणी करीत नाही. 'या विशिष्ट नोंदीच्या पुढील नोंदी द्या' असे ती म्हणते. शिवाय शेवटी ती आलेल्या नोंदींची संख्या बाजारपेठेने सांगितलेल्या एकूण संख्येशी ताडून पाहते.

दुसरी पायरी लेखनाची. तक्त्याची देवाणघेवाण करण्याची सर्वांत साधी रीत म्हणजे एका ओळीत एक नोंद लिहावयाची आणि दोन रकान्यांमध्ये स्वल्पविराम द्यावयाचा. 'सीएसव्ही' या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत १९७० च्या दशकापासून वापरात आहे. तिचे प्रचलित नियम मात्र २००५ मध्ये एका छोट्या टिपणाच्या रूपाने लिहून काढले गेले. स्वल्पविराम हे फार सोयीचे चिन्ह आहे. दुर्दैवाने ते इतरांच्याही सोयीचे आहे. ग्रंथालयाच्या रीतीप्रमाणे लेखकाचे नाव 'अत्रे, प्रल्हाद केशव' असे लिहिले, की त्याचे दोन रकाने होतात. दुर्मीळ ग्रंथसंचाची किंमत '१,२५,०००' अशी भारतीय पद्धतीने लिहिली, की तिचे तीन तुकडे पडतात आणि पुढील प्रत्येक माहिती दोन घरे उजवीकडे सरकते. प्रकाशनवर्षाच्या जागी किंमत आणि किमतीच्या जागी नगसंख्या येते. यावर उपाय सोपा आहे: ज्या मजकुरात स्वल्पविराम असेल तो अवतरणचिन्हांत ठेवावा, आणि मजकुरातच अवतरणचिन्ह असेल तर ते दोनदा लिहावे. नियम एवढाच, पण घाईने लिहिलेल्या आज्ञावलीत नेमका हाच राहून जातो.

तिसरी अडचण सर्वांत खोल आहे. आकडे दोन प्रकारचे असतात. काही आकडे मोजतात. काही आकडे नाव म्हणून असतात. पुस्तकाच्या सात प्रती आहेत, यातील सात मोजण्यासाठी आहे. पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय प्रमाण क्रमांक, म्हणजे आयएसबीएन, मात्र नाव आहे. त्याची बेरीज कोणी करीत नाही. त्याची निमपट काढण्यात काही अर्थ नाही. १ जानेवारी २००७ पूर्वी हा क्रमांक दहा स्थानांचा होता आणि इंग्रजी भाषिक प्रदेशातील असंख्य पुस्तकांचा क्रमांक शून्याने सुरू होत असे. पेंग्विनची जुनी पुस्तके ०१४ या अंकांनी सुरू होतात. असा क्रमांक स्प्रेडशीटमध्ये उघडताच आरंभीचे शून्य गळून पडते, कारण संख्येच्या दृष्टीने त्या शून्याला मूल्य नाही. नऊ अंकांचा उरलेला तुकडा वैध आयएसबीएन नसतो. नवा तेरा अंकी क्रमांकही सुरक्षित नाही. बारा किंवा अधिक अंकांची संख्या दिसली की एक्सेल ती दहाच्या घाताच्या रूपात संक्षेपाने दाखवते. आणि त्याच अवस्थेत फाईल पुन्हा सीएसव्ही म्हणून जतन केली, तर संक्षेपच शिल्लक राहतो, क्रमांक जातो.

हे केवळ पुस्तकांबाबत घडते असे नाही. वस्तू व सेवा कराच्या वर्गीकरणात चहाचा क्रमांक ०९०२ आहे. छापील पुस्तकाचा ४९०१ हा क्रमांक स्प्रेडशीटमध्ये टिकतो. चहाच्या व्यापाऱ्याचा ०९०२ मात्र ९०२ होतो. विक्रेत्याने पाचव्या फडताळातील आठवी ओळ सुचविण्यासाठी '५-८' अशी खूण केली असेल, तर तिची तारीख होते. फडताळाचा पत्ता लिहिला होता. हाती आली पाच ऑगस्ट किंवा आठ मे.

विद्वानांचीही यातून सुटका झाली नाही. मानवी जनुकांपैकी काहींची संक्षिप्त नावे 'सेप्ट२' किंवा 'मार्च१' अशी होती. इंग्रजीतील ही नावे स्प्रेडशीटला तारखा वाटत. २०१६ मध्ये 'जीनोम बायॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे आढळले, की एक्सेलच्या फाईलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका होत्या. अखेर २०२० मध्ये जनुकांच्या नामकरण समितीने नावेच बदलली. सेप्ट२ चे सेप्टिन२ झाले. एक्सेलच्या निर्मात्यांनी हे आपोआप होणारे रूपांतर थांबविण्याची सोय पुढे २०२३ मध्ये दिली. साधनाने माणसाच्या नोंदीशी जुळवून घेण्याऐवजी माणसाने नावे बदलावीत, ही घटना विचार करण्यासारखी आहे.

चौथी अडचण लिपीची. भारतीय भाषांतील पुस्तके विकणाऱ्याला ती विशेष जाणवते. संगणकाला अक्षरे ठाऊक नसतात. प्रत्येक अक्षरासाठी ठरविलेले अंक तेवढे ठाऊक असतात. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही संकेतपद्धती १९८८ मध्ये तयार झाली आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणी तिच्याच आधारे करण्यात आली. तत्पूर्वी आणि त्यानंतरही कित्येक वर्षे मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या अक्षरसंचांतून जुळविला जाई. तो अक्षरसंच जवळ नसेल तर तोच मजकूर निरर्थक चिन्हांची रांग म्हणून दिसे. आज युनिकोडमुळे ही अवस्था पुष्कळशी संपली आहे, पण सर्वस्वी नाही. मालसूचीची फाईल युनिकोडच्या 'यूटीएफ-८' या प्रचलित पद्धतीने लिहिली, आणि तिच्या आरंभी तशी खूण ठेवली नाही, तर एक्सेल अनेकदा ती जुन्या पाश्चात्त्य संकेतांनी वाचते. मग मराठी, बंगाली किंवा तमिळ शीर्षकांच्या जागी लॅटिन अक्षरांचा व चिन्हांचा गोंधळ उमटतो. फाईल खराब झालेली नसते. तिची भाषा चुकीची समजली गेलेली असते. परंतु विक्रेत्याला हा भेद कळत नाही, आणि त्याच गोंधळासकट त्याने ती जतन केली, की मग ती खरोखरच खराब होते.

पाचवी अडचण मर्यादेची. एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाईलमध्ये ६५,५३६ हून अधिक ओळी मावत नाहीत. २००७ च्या आवृत्तीपासून ही मर्यादा १०,४८,५७६ झाली. मर्यादा असणे हा दोष नव्हे. मर्यादेपलीकडचे गुपचूप टाकून देणे हा दोष आहे. इंग्लंडमध्ये कोरोनाच्या साथीत प्रयोगशाळांचे अहवाल गोळा करताना याचे गंभीर उदाहरण घडले. आलेली माहिती जुन्या प्रकारच्या फाईलमध्ये भरली जात होती आणि एकेका रुग्णाच्या नोंदीला अनेक ओळी लागत होत्या. ओळी संपल्यावर पुढील नोंदी वगळल्या गेल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातील १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून राहून गेले. त्यांना स्वतःचा निकाल कळला होता. पण त्यांच्या संपर्कात आलेल्या लोकांचा शोध वेळेवर सुरू झाला नाही. पुस्तकांच्या यादीत असे घडले तर काही पुस्तके विकली जाणार नाहीत, इतकेच. तत्त्व मात्र दोन्हीकडे एकच आहे.

याला जोडूनच आणखी एक बारकावा सांगितला पाहिजे. रिकामा रकाना आणि शून्य यांत भेद आहे. नगसंख्येच्या जागी शून्य असेल, तर पुस्तक संपले आहे. तेथे काहीच नसेल, तर संख्या नोंदविलेली नाही. दोहोंचे रूप एकच करून टाकणारी आज्ञावली, न मोजलेला माल संपलेला ठरवते. हीच फाईल सुधारून पुन्हा बाजारपेठेत चढविली, तर चांगले पुस्तक दुकानातून अदृश्य होते. निर्यातीतील चूक केवळ कागदावर राहत नाही. आयातीच्या वाटेने ती दुकानात परत येते.

ग्रंथालयांना या प्रश्नांची ओळख फार पूर्वीच झाली होती. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'मध्ये हेन्रिएट अ‍ॅव्हरम यांच्या नेतृत्वाखाली 'मार्क' ही संगणकीय तालिकेची रचना तयार झाली. लेखक, शीर्षक, विषय यांपैकी कोणती माहिती कोठे आहे, हे त्या रचनेत प्रत्येक नोंदीबरोबरच सांगितलेले असते. एका ग्रंथालयाची नोंद दुसऱ्याने जशीच्या तशी वापरावी, हा तिचा उद्देश. व्यापाराने याच्या तुलनेत सोपी वाट पत्करली. स्वल्पविरामांची फाईल आपल्या रकान्यांचा अर्थ स्वतःबरोबर नेत नाही. हा रकाना संख्येचा, हा नावाचा, हे ती सांगू शकत नाही. वाचणाऱ्याला ते ताडावे लागते. वर वर्णिलेल्या अडचणींपैकी बहुतेक या एकाच उणिवेतून उद्भवतात.

तर मग चांगल्या आज्ञावलीची लक्षणे कोणती? तिने प्रत्येक क्रमांक मजकूर म्हणून लिहावा आणि मोजण्याचे आकडे तेवढे आकडे म्हणून. स्प्रेडशीटसाठी फाईल देताना शक्यतो रकान्याचा प्रकार नोंदविता येणारी आधुनिक रचना वापरावी. सीएसव्ही द्यावयाची असेल, तर लिपीची खूण आरंभी ठेवावी. पहिल्या ओळीत रकान्यांची स्पष्ट नावे असावीत. फाईल कोणत्या दिवशी, किती वाजता काढली हे नोंदवावे, कारण तारखेवाचून यादी ही केवळ अफवा असते. शेवटी एकूण नोंदींची संख्या सांगावी. जे मावले नाही किंवा समजले नाही, ते मोठ्याने सांगावे. आणि सर्वांत महत्त्वाची कसोटी ही: बाहेर काढलेली फाईल काहीही न बदलता पुन्हा आत चढविली, तर दुकानात तसूभरही फरक पडता कामा नये.

विक्रेत्याच्या अंगी दोन साध्या सवयी असल्या, तरी पुष्कळ हानी टळते. मूळ उतरलेली फाईल कधीही थेट उघडून जतन करू नये. तिची प्रत करून त्या प्रतीवर काम करावे. आणि ठरावीक दिवशी, उदाहरणार्थ दर महिन्याच्या पहिल्या तारखेस, नवी सूची काढून जुनीशेजारी ठेवावी. दोन सूचींची तुलना केली म्हणजे काय विकले, काय वाढले आणि काय विनाकारण नाहीसे झाले हे दिसून येते.

शेवटी प्रश्न उरतो हक्काचा. युरोपीय संघाने २५ मे २०१८ पासून लागू केलेल्या नियमांनुसार व्यक्तीला स्वतःविषयीची माहिती यंत्राला वाचता येईल अशा रूपात मागून घेण्याचा हक्क दिला. पुढे २०२२ च्या डिजिटल बाजारपेठांच्या कायद्याने, मोठ्या मंचांवर व्यापार करणाऱ्यांना त्यांच्या व्यवहारातून निर्माण झालेली माहिती विनामूल्य उपलब्ध करून देण्याचे बंधन त्या मंचांवर घातले. भारतात २०२३ मध्ये संमत झालेल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात माहिती अशी एका ठिकाणाहून दुसरीकडे नेण्याचा स्वतंत्र हक्क नाही; आणि दुकानाची मालसूची ही तर बहुतांशी व्यक्तिगत माहितीही नव्हे. म्हणून येथे सूची परत मिळणे हे मुख्यतः बाजारपेठेशी झालेल्या करारावर आणि तिने दिलेल्या सोयींवर अवलंबून राहते.

परंतु कायदा झाला, तरी तो फाईल देण्यास भाग पाडील. तिच्यातील शून्य टिकविण्याची जबाबदारी तो क्वचितच घेईल. ती जबाबदारी आज्ञावली लिहिणाऱ्याची आहे. तीन हजार पुस्तके एकेक करून हातात घेऊन, त्यांचे पुठ्ठे पाहून, पाने मोजून, फाटलेल्या कडांची नोंद करून एखाद्या माणसाने जी यादी घडविली, ती त्याच्या कित्येक महिन्यांच्या श्रमांची संपत्ती आहे. ती त्याला परत देताना एकही अक्षर न गमावणे, ही मेहेरबानी नव्हे. दुसऱ्याची वही ज्याने आपल्या कपाटात ठेवून घेतली आहे, त्याचे ते साधे कर्तव्य आहे.